नमुना

माझ्या टेबलावर, जुन्या पावत्यांवर वजन म्हणून,
एक लोखंडी त्रिकोण आहे,
गोविंदविड्यासारखा फुगीर, मधे दातेरी भोक.
पिळगावात घरी येणारा विचारतो, हे काय?
इंजिन, मी सांगतो. अर्धं.

तेराओका दर वर्षी यायचा
सारमानसच्या धक्क्यावर, बार्ज भरताना.
आम्ही दोघं नमुने घ्यायचो :
लोह किती, ओल किती, चिखल किती.
बोटांत मिनेर चोळून बघायचा,
जिभेला लावायचंच बाकी ठेवायचा.

एकोणऐंशी साली त्याने पाकिटातून फोटो काढला.
हिरवी गाडी, बुटकी, डोळे मिटलेली.
"रात्री उघडते," म्हणाला,
आणि स्वतःच्या पापण्या बोटांनी वर उचलून दाखवल्या.
माझं इंग्रजी तोडकं, त्याचं त्याहून.
मग काडी घेऊन धक्क्यावरच्या तांबड्या धुळीत काढलं :
मधे चिमटलेली भुईमुगाची शेंग,
शेंगेत एक त्रिकोण.
वर-खाली काही नाही. नुसतं फिरणं.
मला कळेपर्यंत त्यावरून ट्रक गेला.

शहाऐंशी : पांढरी. खांदे भरलेले,
बॉनेटला एक नाकपुडी. टर्बो, म्हणाला.
त्याचंही पोट सुटलं होतं, मुलगी झाली होती.
मागे बसते का ती?
"बसते. पाय मात्र घरी ठेवते."
आणि एकटाच हसत सुटला.
त्या वर्षी मी स्कूटर घेतली. माझा फोटो त्याने मागितला नाही.

ब्याण्णव : लाल.
हिच्या अंगात सरळ रेघ शोधून सापडेना,
महिनाभर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी.
दोन टर्बो, थोरला आधी जागा होतो,
धाकटा मागाहून, पण उठला की घर हलवतो.
या खेपेला पहिल्यांदा तक्रारी :
तेल पिते, तापते,
त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजतात,
पेट्रोलचं तर विचारू नकोस.

मग कशाला ठेवलीस?

पट्टा फिरत होता, माल बार्जेत पडत होता.
तेराओका बराच वेळ तिकडे बघत राहिला.
"सात हजार फेऱ्यांच्या वर," म्हणाला,
आणि पुढचा शब्द सापडेना तेव्हा
तळहात मांडवीच्या पाण्यावरून
सावकाश फिरवावा तसा हवेत फिरवला.

दोन हजार दोन. फोटो नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा त्रिकोण,
आणि तो, निवृत्तीला चार महिने उरलेला.
कंपनीने गाडी बंद केली, त्याने आपली विकली होती.
त्याआधी इंजिन उघडलं, एक टोक तुटलेलं निघालं,
तेवढं त्याने मागून घेतलं.
दाबोळीला कस्टमवाल्याने दोनदा उलटंसुलटं करून विचारलं म्हणे,
हे चालू कसं करायचं?

मी हातात तोललं. चार किलो, वर थोडं.
समोर आमचा डोंगर अर्धा कापलेला.
किती वर्षं इथून जहाजं जात होती
त्याच्या देशाच्या भट्ट्यांकडे.
"हे आमचं?" मी विचारलं.
त्याने तपासणीचा चेहरा केला,
नखाने कड खरवडली, उजेडात धरली.
"नमुना पुरेसा नाही."

बारा साली, तिच्यामागून आलेली
चार दारांची बहीणही थांबली, असं त्याचं कार्ड आलं.
माझं उत्तर लिहायचं राहिलं,
कारण त्याच पावसाळ्याच्या शेवटी खाणी बंद झाल्या,
आणि धक्क्यावर बार्जी एकमेकींना टेकून
गंजत उभ्या राहिल्या.

पावसात हाही गंजतो.
दर श्रावणात मी खोबरेल लावून पुसतो,
तुटकं टोक सांभाळून.
फडक्याला लागतो तो रंग
ओळखीचा आहे.
टक्केवारी मात्र सांगणार नाही.